वेगदेवतेची फळी

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथील एका शेडमध्ये भिंतीलगतच्या फळीवर फुटलेले दट्टे, मोडलेले दांडे आणि जळून गेलेले इंजिनाचे भाग ओळीने मांडून ठेवलेले असत. फळीवर अक्षरे होती : 'वेगदेवतेला अर्पण.' कोणालाही ही अडगळच वाटली असती. बर्ट मन्रो यांना मात्र तिच्यातील प्रत्येक तुकडा कसा मोडला, हे ठाऊक होते.

मन्रो यांचा जन्म १८९९ चा. १९२० साली त्यांनी अमेरिकेत तयार झालेली 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल विकत घेतली. (नावामुळे ती भारतातील असावी असे वाटेल, पण हा शब्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून आलेला आहे.) तिच्या इंजिनाचे आकारमान ६०० घन सेंटीमीटर होते आणि तिचा वेग ताशी फार तर ८९ किलोमीटर. तो वाढविण्याचा ध्यास मन्रो यांना लागला. दिवसा मोटारसायकली विकायच्या आणि रात्री आपल्या यंत्राशी झटायचे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला.

वेग वाढविताना भाग मोडतात ते का? इंजिनात नळकांड्याच्या आत दट्ट्या वर-खाली धावतो. त्याला जोडलेला दांडा या ये-जा करण्याचे रूपांतर गोल फिरण्यात करतो. पायाने चालविण्याच्या शिवणयंत्रात पावलाखालची पट्टी वर-खाली होते आणि मोठे चाक फिरू लागते, तसेच हे. परंतु चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दट्ट्याला दोनदा थांबून उलट वळावे लागते. मिनिटाला ४,००० फेरे होत असतील, तर तो मिनिटाला ८,००० वेळा थांबतो! प्रत्येक वेळचा हिसका दांड्याला सोसावा लागतो. आणि फेरे दुप्पट झाले की हा हिसका दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून दट्ट्या हलका हवा, दांडा चिवट हवा. असे भाग विकत आणण्याऐवजी मन्रो ते स्वतःच घडवीत. वितळलेला धातू जुन्या पत्र्याच्या डब्यांत ओतून ते ओतकाम करीत. सूक्ष्म मापे घेण्यासाठी त्यांच्याजवळ उपकरण होते ते चाकाच्या एका जुन्या तारेचे! घडविलेला भाग टिकला तर इंजिनात राही. मोडला तर फळीवर जाई आणि पुढचा भाग निराळ्या रीतीने घडविला जाई.

इंजिन बळकट झाले, तरी वारा आडवा येतोच. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यासाठी मन्रो यांनी गाडीभोवती माशासारखे निमुळते कवच बसविले. त्यात चालकाला जवळजवळ पालथे पडून बसावे लागे.

अमेरिकेच्या यूटा राज्यात बॉनेव्हिल येथे एका आटलेल्या सरोवराचे पांढरे, सपाट मिठागर पसरलेले आहे. विक्रमांची परीक्षा येथे होते. गाडी एकदा एका दिशेने आणि मग उलट दिशेने पळवितात व दोन्हींची सरासरी धरतात. म्हणजे पाठीमागून आलेल्या वाऱ्याचे श्रेय गाडीला मिळत नाही. १९६२ साली मन्रो यांनी येथे आपल्या गटातील विक्रम केला. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, ते पुन्हा उतरले. इंजिन आता ९५० घन सेंटीमीटरचे झाले होते. १,००० घन सेंटीमीटरखालच्या गटात त्यांचा वेग नोंदविला गेला तो ताशी २९५.४५३ किलोमीटर. गाडीचे वय त्या वेळी ४७ वर्षांचे होते.

मन्रो १९७८ साली वारले. पुढे त्यांच्या मुलाच्या ध्यानात आले की, १९६७ च्या नोंदीच्या गणितातच चूक राहिली आहे. २०१४ साली अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने ती मान्य केली आणि विक्रमाचा आकडा ताशी २९६.२५९ किलोमीटर असा सुधारून घेतला.