केसपेपरमधला ‘नाही’

‘ताप नाही, खोकला नाही, छातीत दुखत नाही. आईला क्षय होता. न्यूमोनियाची शंका, एक्स-रे काढावा.’ डॉक्टरांच्या नोंदी बहुतेक अशाच असतात, तुटक आणि घाईत लिहिलेल्या. संगणकाला यातून नुसती आजारांची नावं वेचायला सांगितली, तर या माणसाच्या नावावर क्षयही लागेल आणि न्यूमोनियाही.

या नोंदी वाचण्याची गरज मात्र खरी आहे. रक्ताचे अहवाल आकड्यांत मिळतात, बिलावर आजाराचा सांकेतिक क्रमांक असतो. पण दम कधीपासून लागतो, सिगारेट सुटली का, गोळ्या मधेच बंद केल्या का, हे त्या चार ओळींतच सापडतं.

२००१ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या वेंडी चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेगएक्स’ ही पद्धत मांडली. ती थक्क करण्याइतकी साधी आहे. डिस्चार्ज कार्डातले नकाराचे शब्द आधी हेरायचे. त्यांच्यापासून पाचेक शब्दांच्या टप्प्यात लक्षण किंवा आजार आला, तर तो ‘नाही’च्या रकान्यात टाकायचा. फसव्या नकारांची यादी वेगळी ठेवावी लागते. ‘सूज वाढलेली नाही’ याचा अर्थ सूज आहेच! डॉक्टरांनी नाकारलेल्या दर शंभर गोष्टींपैकी सुमारे ७८ या पद्धतीने बरोबर ओळखल्या. पुढे त्याच परंपरेतल्या ‘कॉन्टेक्स्ट’ने आणखी दोन गोष्टी तपासल्या: त्रास आत्ताचा की जुना, आणि रुग्णाला की त्याच्या नातेवाइकाला.

हे नियम इंग्रजीसाठी बेतलेले आहेत. तिथे नकार बहुधा आजाराच्या आधी येतो. आपण ‘ताप, खोकला, धाप नाही’ असं लिहितो आणि शेवटचा एकच ‘नाही’ तिन्हींना लागू होतो. मराठीतल्या नोंदींसाठी नियम मुळातूनच बांधावे लागतील. आपल्याकडचे कितीतरी केसपेपर अजून हातानेच लिहिले जातात, त्यामुळे आधी अक्षर लावण्याचं काम आहेच.

आता नियमांऐवजी उदाहरणांवरून शिकणारी मॉडेल्स आली आहेत. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदी ‘मिमिक’ या संग्रहातून संशोधकांना मिळतात. त्यात नावं पुसलेली आहेत आणि तारखा इतक्या पुढे सरकवल्या आहेत की रुग्ण बाविसाव्या शतकात दाखल झालेले दिसतात. ‘क्लिनिकलबर्ट’ हे असंच एक मॉडेल २०१९ मध्ये याच नोंदींवर घडवलं गेलं.

तरी एक दुखणं कायम आहे. संगणकावर कालची नोंद आज जशीच्या तशी चिकटवली जाते आणि बरा झालेला न्यूमोनिया कागदावर मुक्काम ठोकतो. मॉडेल कितीही हुशार असो, ती ओळ शिळी आहे हे त्याला बऱ्याचदा कळत नाही. म्हणून यंत्राने सुचवलेल्या प्रत्येक आजारासोबत मूळ ओळ आणि ती पहिल्यांदा लिहिल्याची तारीख डॉक्टरांसमोर आलीच पाहिजे. ती दिसली, तरच त्यांना चुकीचा आजार खोडता येईल.