ओहम एकच नव्हता! जुन्या रेझिस्टन्सच्या आकड्यांचा हिशेब कसा लावायचा?

उज्जैनला देवास गेटच्या बस स्टँडवर उतरलं की रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. 1870 च्या दशकात माळव्यात रेल्वे आली आणि रुळांच्या कडेनं तारेचे खांबही आले. भारतातली तारसेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. पण त्या काळातली उपकरणं आणि नोंदी कुठे ना कुठे सापडतात, आणि त्यातले रेझिस्टन्सचे आकडे बघून आजचा इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी चक्रावतो. कारण तेव्हाचं एकक म्हणजे आजचा ओहम नव्हे.

हे समजायला जमिनीचं माप आठवा. बेळगावकडे गुंठा चालतो, माळव्यात बिघा. आणि बिघाही प्रांताप्रांतात वेगळा. नुसतं ‘पाच बिघे’ म्हटल्यावर जमीन किती ते कळत नाही, कुठला बिघा हे विचारावंच लागतं. ओहमचंही अगदी तसंच होतं.

याचा फटका बसायचा लाइनमनला. तार तुटून जमिनीला टेकली की स्टेशनात बसून रेझिस्टन्स मोजायचा, त्याला दर किलोमीटरच्या रेझिस्टन्सनं भागायचं आणि बिघाड किती लांब आहे ते काढायचं. समजा लोखंडी तारेला किलोमीटरमागे 10 ओहम पडतात आणि मोजणीत 500 आले. हे 500 आजचे ओहम असतील तर बिघाड 50 किलोमीटरवर. पण मोजणारी पेटी सीमेन्स एककाची असेल, तर तेच 500 म्हणजे सुमारे 470 ओहम, म्हणजे 47 किलोमीटर. भर पावसात, चिखलातून तीन किलोमीटरची फुकट पायपीट!

आता ही एककं आली कुठून? जर्मनीच्या वेर्नर सीमेन्सनं 1860 मध्ये सोपा उपाय काढला. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर काटछेदाचा पाऱ्याचा स्तंभ, तापमान शून्य अंश सेल्सिअस. त्याचा रेझिस्टन्स म्हणजे एक एकक. इंग्लंडच्या ब्रिटिश असोसिएशनला हे पटलं नाही. थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन), मॅक्सवेल अशा मंडळींच्या समितीनं फिरत्या कॉइलचे प्रयोग करून वेगळं एकक ठरवलं आणि 1865 पासून त्याच्या प्रमाणित कॉइल दिल्या जाऊ लागल्या. हे बी.ए. एकक. प्रयोग मोठा देखणा, पण उत्तर सव्वा टक्क्याहून जास्त चुकलं होतं. 1880 च्या दशकात लॉर्ड रॅले यांच्या मोजमापांनी ते उघड झालं.

मग 1884 मध्ये पॅरिसला ‘लीगल ओहम’ ठरला, पाऱ्याचा स्तंभ 106 सेंटिमीटर. 1893 मध्ये शिकागोत तो 106.3 झाला, तो ‘इंटरनॅशनल ओहम’. आजच्या ओहमला 1 जानेवारी 1948 पासून सुरुवात झाली.

हिशेबाची सोपी युक्ती या लांब्यांमध्येच आहे. सीमेन्स एकक 100, बी.ए. साधारण 104.9, लीगल 106, इंटरनॅशनल 106.3. एकातून दुसऱ्यात जायचं तर जुन्याची लांबी भागिले नव्याची, त्यानं आकडा गुणायचा. त्यामुळे एक सीमेन्स एकक 0.9407 इंटरनॅशनल ओहम, बी.ए. 0.9866, लीगल 0.9972. इंटरनॅशनलहून आजच्या ओहमला येताना 1.00049 नं गुणायचं. हा शेवटचा गुणाकार तारेच्या कामात सोडून दिला तरी चालेल.

तापमान मात्र सोडून चालत नाही. लोखंडी तारेचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे अर्धा टक्का वाढतो. उज्जैनची जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत 30 अंशांचा फरक धरला, तर पंधरा टक्के इथेच गेले. त्यापुढे लीगल की इंटरनॅशनल हा वाद किरकोळच. म्हणून जुनी नोंद वाचताना तापमान लिहिलंय का, ते आधी बघावं.

पेटीवर नुसतंच ‘ओहम’ कोरलेलं असेल तर? मग साल शोधा. ठोकळमानानं 1884 च्या आधीची असेल तर बी.ए., 1884 ते 1893 मधली असेल तर लीगल असण्याची शक्यता जास्त. पण बनवणारे आपापल्या सवयीनं चालायचे, त्यामुळे खात्रीसाठी आजच्या मीटरवर मोजून बघणंच बरं. तेही बेतानं, कारण दीडशे वर्षांत कॉइलचा मूळ रेझिस्टन्सही थोडा सरकलेला असू शकतो.

एक घोळ आणखी. आजही ‘सीमेन्स’ नावाचं एकक आहे, 1971 पासून अधिकृत. पण ते रेझिस्टन्सचं नाही, त्याच्या उलट, म्हणजे वाहकतेचं आहे. पूर्वी त्यालाच ‘ओहम’ उलटं लिहून ‘म्हो’ म्हणायचे. जुन्या कागदावर ‘सीमेन्स’ दिसलं की आधी कागदाचं साल बघायचं आणि मगच कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा.