सुवास आणि मनाईहुकूम

कर्जत स्थानकातून बाहेर पडून चौकच्या किंवा मुरबाडच्या रस्त्याला लागणाऱ्या प्रवाशास वडापावच्या गाड्यांइतक्याच सातत्याने पानाच्या टपऱ्या भेटत राहतात, आणि खालापूर तालुक्यात शिरून थेट खोपोलीच्या कारखान्यांपर्यंत गेले तरी हा क्रम तुटत नाही. टपरीच्या दर्शनी बाजूस बिस्किटे, चॉकलेटे, शाम्पू आणि गोड बडीशेप यांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. गुटख्याची माळ मात्र त्यांत दिसत नाही, कारण ती गल्ल्याखाली असते आणि गिऱ्हाइकाची ओळख पटल्यावर, छापील किमतीहून चढ्या दराने, एकेक पुडी तोडून बाहेर येते. पुष्कळदा पुड्या दोन असतात. एकीत मसालेदार सुपारी, दुसरीत तंबाखूची चिमूट. कायद्याच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र जिन्नस, पण घेणारा तरुण दोन्हींची टोके दातांनी फाडतो, एक पुडी दुसरीत रिकामी करतो, अंगठा लावून हलवतो आणि मान मागे टाकून तोंडात ओततो. कारखान्याने जे मिश्रण करावयाचे ते अशा रीतीने ग्राहकाच्या हातून घडते, आणि ते घडून येण्यास ST येईपर्यंतचा वेळसुद्धा लागत नाही.

मागच्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या कमरेला चंची असे, तिच्यात पान, चुन्याची डबी, अडकित्ता आणि रानटी वासाची काळपट तंबाखू असे. ती तंबाखू निरुपद्रवी होती असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. परंतु तिच्या अंगी एक गुण होता, तो म्हणजे तिची कडू, झणझणीत, घसा पकडणारी चव. कुतूहलाने पहिला बार भरणाऱ्या पोराला ती तत्काळ ‘लागत’ असे. घाम फुटे, घेरी येई, उलटी होई, आणि निदान काही वर्षे तरी ते पोर चंचीच्या वाटेस जात नसे. १९७० नंतरच्या काळात गुटख्याच्या पुडीने जो उद्योग केला तो नेमका हा पहारा उठवण्याचा. सुपारी, कात, चुना आणि तंबाखू या जुन्याच सामग्रीत वेलची, केवडा, गुलाब, मेंथॉल आणि गोडी मिसळल्यावर शाळकरी मुलालाही ती पुडी गोळीसारखी चघळता येऊ लागली. तंबाखूने नवे गिऱ्हाईक मिळवले ते स्वतःच्या गुणावर नव्हे, उसन्या सुगंधावर, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज या व्यवहाराचा उलगडा होत नाही.

याची कारणमीमांसा सोपी आहे. चुन्याच्या क्षारतेने तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते; मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवून होणारी जळजळ झाकून टाकते. सिगारेटमध्येही हाच प्रकार. पुदिन्याच्या थंडाव्याखाली धुराचा ठसका दबतो, झुरका खोल जातो, आणि नवख्याला पहिल्या दिवशीच आपण सराईत असल्याचा भास होतो. निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचण्यास सुमारे दहा सेकंद पुरतात. पुढचे काम सवय करते.

राज्यकर्त्यांनी या वनस्पतीवर डोळे वटारण्याची परंपरा जुनी आहे. विजापूरहून परतलेल्या असदबेगाने सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराच्या दरबारी तंबाखू नजर केली, आणि अवघ्या दहा-बारा वर्षांनी, १६१७ साली, जहांगिराला धूम्रपानाच्या मनाईचा हुकूम काढावा लागला. त्या हुकमाचे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्र सरकारने २००२ साली गुटख्यावर पहिली बंदी घातली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी अन्नपदार्थांत तंबाखू व निकोटीन मिसळण्यास मनाई केली, तेव्हा राज्याला भक्कम कलम सापडले आणि जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला बंद झाला. त्यानंतरच्या हुकमांनी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि मावाही कक्षेत घेतला. हे हुकूम एकेका वर्षाच्या मुदतीचे असल्यामुळे सालाबादप्रमाणे नवे काढावे लागतात. परराज्यांतून येणारा माल महामार्गावर पकडल्याच्या, जप्ती-पंचनाम्याच्या बातम्या वरचेवर छापून येतात. द्रुतगती मार्ग ज्या खालापुरातून घाट चढतो तेथील माणसाला त्यांचे नवल उरलेले नाही.

या साऱ्या इमारतीचा पाया ‘अन्न’ या कल्पनेवर आहे, आणि सिगारेट हे अन्न नव्हे. मुंबईतील कमला मिलच्या आगीत १४ माणसे दगावल्यानंतर २०१८ साली हुक्का पार्लरे बंद झाली, २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेटला मनाई केली. पण बोटाने दाबताच फुटून पुदिन्याचा थंडावा सोडणारा मणी ज्या सिगारेटच्या फिल्टरमध्ये बसवलेला असतो, ती सिगारेट राजरोस विकली जाते. अमेरिकेने २००९ साली मेंथॉल वगळून इतर स्वादांच्या सिगारेटी बंद केल्या, युरोपीय संघाने २०२० मध्ये मेंथॉललाही दार लावले. आपल्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात स्वादाविषयी अक्षर नाही. गालातला सुगंध बेकायदा आणि छातीतला कायदेशीर, हा न्याय मला तरी उमगलेला नाही.

तरीही या तालुक्यांचा मुख्य रोग धुराचा नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत धूर ओढणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे तब्बल २४.४ टक्के. या आकड्यांत मशेरीचा वाटा मोठा आहे. सकाळच्या प्रहरी एखाद्या कातकरवाडीत गेले तर चुलीवरच्या तव्यात तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजली जाताना दिसतात, त्या उग्र धुराने झोपडीतली तान्ही पोरे खोकतात. मग हाताने चुरून केलेली पूड डबीत भरली जाते आणि बोटाने हिरड्यांवर फिरते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून मनाई आहे, पण घरच्या तव्याला कोणता निरीक्षक भेट देणार? “मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही,” असे सासू सुनेला आणि आई मुलीला सांगते, आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईच्या कनवटीला ती डबी असतेच. येथे सुगंधाची गरज पडली नाही. लहानपणीच औषध म्हणून हाती आलेल्या वस्तूला आमिष लागत नाही. ज्या कातकऱ्यांचे वाडवडील खैराचा गाभा उकळून अवघ्या मुलखाला विड्याचा कात पुरवीत, आणि जंगल सरकारजमा झाल्यावर ज्यांचा तो धंदा बुडाला, त्यांचीच पोरे आज कारखान्यातली पुडी रोख पैसे मोजून विकत घेतात.

तंबाखू नसलेली गोड सुपारी निर्धास्तपणे मुलांच्या हाती देणारे सुशिक्षित पालकही थोडे नाहीत. त्यांनी हे जाणावे की नुसत्या सुपारीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. तिच्यातील अरेकोलीनमुळे गालाच्या आत तंतूंचे जाळे वाढून त्वचा ताठ होते. या विकाराचे भारतातील पहिले वर्णन १९५३ साली डॉ. जोशी यांनी केले. प्रारंभी तिखट झोंबते, मग पाणीपुरी तोंडात मावेनाशी होते, आणि स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमधून आत जात नाहीत तेव्हा दंतवैद्य गंभीर होतो. हे ताठरपण बहुधा मागे फिरत नाही, काहींच्या बाबतीत त्याचे पर्यवसान कर्करोगात होते. शरद पवारांनी स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाविषयी जाहीरपणे सांगितले आहे, आर. आर. पाटील २०१५ साली याच रोगाने गेले. सत्तेच्या उच्चासनावरील माणसांची ही गत, तर वाडीवरच्या गड्याला परळच्या टाटा रुग्णालयाची किंवा खारघरच्या केंद्राची पायरी कोणत्या अवस्थेत दिसत असेल याची कल्पना करता येते.

शाळेच्या आवारापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असे कलम आहे, आणि ती हद्द पिवळ्या रेघेने आखावी अशी केंद्राची सूचनाही आहे. परंतु लहान गावात शाळा, ST चा थांबा, देऊळ आणि एकुलती टपरी ही सारी त्या १०० यार्डांतच नांदतात, तेव्हा रेघ आखणाऱ्याने ती कोठे आखावी? अल्पवयीनास तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवाल्याला हे ठाऊक नसते, आणि बापाची विडी आणायला पोरालाच धाडणाऱ्या घराला तर मुळीच नसते.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांच्या ओढीने येणारी मुंबई-पुण्याची मंडळी याच टपऱ्यांवर मण्याची सिगारेट मागतात आणि गावातली मुले ती बघतात. पाकीट घेणे परवडत नसल्यामुळे मुले एकच घेतात. सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मनाई केली, ती पाकिटावरच्या सूचनेचा उपयोग व्हावा म्हणूनच. कारण पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि त्यावर व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. ते पाकीट टपरीतच राहते.