हवा फुकट नसते, बॉस!

ऑफिसचा एसी 24 वर ठेवायचा की 20 वर, यावरून आपल्याकडे किती मेल फिरतात! लिफ्टशेजारी 'जाताना दिवे बंद करा'चं स्टिकर, पँट्रीतले कागदी कप बंद... छान आहे, चालू द्या. पण देशातली सुमारे 40 टक्के वीज कारखान्यांत जाते. आणि तिथे ती वाया जाते तेव्हा चक्क ऐकू येते. फुस्स्स्...

हे ऐकवलं माझ्या एका एनर्जी ऑडिटर मित्राने. त्याच्याबरोबर मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात गेले, तेही गुरुवारी. तिकडची सुट्टी गुरुवारची. मशीन्स बंद, माणसं घरी, कॉम्प्रेसर मात्र याने मुद्दाम चालू करायला लावलेला. हवा वापरणारं कुणीच नाही, तरी कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने लोड घेतोय. मग ही हवा जाते कुठे? पठ्ठ्या घड्याळ लावून बसला. किती सेकंद लोड, किती सेकंद अनलोड, एवढंच वहीत लिहीत होता. "समज, शंभरातले तीस सेकंद लोड घेतला, तर 30 टक्के हवा गळतेय. संपलं गणित!" देखभाल नीट नसलेल्या प्लांटमध्ये 20 ते 30 टक्के गळती ही काही नवलाची गोष्ट नाही म्हणे.

फुकटचा फंडा

दाबलेली हवा कारखान्यात सगळीकडे लागते. पार्ट पकडायला, उचलायला, रंग मारायला, मशीनवरचा चुरा उडवायला. शिफ्ट सुटताना कपड्यांवरची धूळसुद्धा तिनेच झटकतात (हे धोक्याचं आहे, पण सर्रास चालतं). कारण हवाच ती! हवेला काय पैसे पडतात?

पडतात, आणि चांगलेच पडतात. कॉम्प्रेसरला 100 युनिट वीज दिली, तर टूलपर्यंत जेमतेम 10 ते 30 युनिटांचं काम पोचतं. बाकी सगळी उष्णता. 7 बार दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचं भोक पडलं, की सुमारे 3 किलोवॉट वीज सतत जाते. वर्षभर चोवीस तास लाइन चालू राहिली, तर 26 हजार युनिट. युनिटला 8 रुपये धरा, दोन लाखांच्या वर गेलं बिल. आपली बरीचशी वीज कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे या एका भोकातून वर्षाला 18 टन! दुरुस्ती काय, तर एखादं फिटिंग बदलायचं किंवा पाइपची क्लिप घट्ट करायची. शोधायला साबणाचं पाणी पुरतं.

त्यात आपली खास सवय. "प्रेशर कमी पडतंय," अशी तक्रार आली, की सेटिंग एक बारने वाढवायचं. वीज 6 ते 10 टक्के जास्त, आणि भोकं आणखी जोरात फुसफुसणार.

मग कुणी दुरुस्त का करत नाही? मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. प्रॉडक्शनवाल्याला विचारतात, किती पीस निघाले? मेंटेनन्सवाल्याला विचारतात, मशीन बंद का पडलं? आणि वीजबिल जातं अकाउंट्सकडे, एकच भलामोठा आकडा. गळतीबद्दल बोलणी खाणारा माणूसच कंपनीत नसतो.

पंख्यांचंही तेच. मोठा ब्लोअर पूर्ण वेगाने फिरवायचा आणि हवा जास्त झाली की पुढे डँपर आडवा घालायचा. स्कूटरचा एक्सलरेटर पिळून ठेवून ब्रेकवर चालवण्यातला प्रकार! ड्राइव्ह बसवून वेग 20 टक्क्यांनी कमी केला, तर पंख्याची वीज जवळपास निम्मी होते.

मोठ्यांना काठी, छोट्यांचं काय?

सरकारने जबाबदार ठरवलं तेव्हा फरक पडला, हे मात्र मानायला हवं. 2012 मध्ये 'पॅट' योजना आली. सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा आठ क्षेत्रांतल्या 478 मोठ्या प्लांट्सना प्रत्येकी टार्गेट. जास्त बचत केली तर सर्टिफिकेट विका, कमी पडलात तर विकत घ्या. 2015 पर्यंतच्या पहिल्या फेरीत 66.86 लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवायची होती, वाचली 86.7 लाख टन. सुमारे 3.1 कोटी टन कार्बन डायऑक्साइड टळला. पुढे 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित झाली. त्यात तर टार्गेटच उत्सर्जनाचं.

भोसरीतला तो शेडवाला मात्र यात कुठेच नाही. त्याच्याकडे ना एनर्जी मॅनेजर, ना टार्गेट. माझा मित्र तिथे प्रत्येक गळतीवर लाल टॅग लावतो आणि टॅगवर लिटर किंवा किलोवॉट नाही, वर्षाचे रुपये लिहितो. तो म्हणतो, मालक बाकी काही वाचत नाहीत, टॅग वाचतात.

तुमच्यापैकी कुणी प्लांटवाल्या कंपनीत कॉस्टिंगला किंवा फायनान्सला असाल, तर कॉम्प्रेसर रूमला वेगळा मीटर मागा. आणि पहिलं रीडिंग सुट्टीच्या दिवशी घ्या!