पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण एका जागी न टिकणाऱ्या माणसाला लावतो. डोंगरात दोन-तीन दिवस भटकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती अक्षरशः लागू पडते. निवारा, अंथरूण, बैठक आणि हे सारे वाहणारी पिशवी, एवढे त्याचे बिऱ्हाड. ते जड असेल तर चढावर दम आणि उतारावर गुडघे जातात. हलके करण्याच्या नादात ते कच्चे राहिले, तर पावसाळी रात्री जिवावर बेतू शकते. तेव्हा हलके सामान पारखावे कसे, याचा थोडा विचार येथे करू.

ही कल्पना तशी जुनीच आहे. भातलावणी करणाऱ्या बायकांचे इरले म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाने यांचा पाठीवरचा निवारा. दोन्ही हात कामाला मोकळे. धनगराच्या घोंगडीची खोळ केली की ती पाऊस अडवते, अंथरली की बैठक होते, पांघरली की ऊब देते. एका वस्तूकडून तीन कामे, हेच आजच्या हलक्या सामानाचेही पहिले सूत्र आहे. अमेरिकेत 1955 साली एमा गेटवुड या 67 वर्षांच्या आजीबाईंनी ‘अॅपलाचियन ट्रेल’ ही सुमारे 3,300 कि.मी. लांबीची वाट एकटीने चालून पुरी केली. त्यांच्याजवळ तंबू नव्हता. हाताने शिवलेली एक झोळी, एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, असा त्यांचा संसार होता. पुढे या विचाराला हिशेबाची जोड मिळाली. अन्न, पाणी व इंधन वगळून उरणारे वजन 10 पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत असेल, तर ते सामान ‘अतिहलके’, असा संकेत रूढ झाला.

प्रथम निवारा. तंबूच्या कापडाच्या चिठ्ठीवर बहुधा दोन आकडे असतात. पहिला डेनियरचा. 9,000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. 20 डेनियरचे कापड हलके खरे, पण काट्याकुट्यांत नाजूक. दुसरा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करीत नेला, तर किती उंचीला पाणी आरपार येऊ लागते, ते तो सांगतो. 1,500 मि.मी. हे छतासाठी सर्वसाधारण चांगले प्रमाण. जमिनीकडील कापडाला मात्र याहून अधिक लागते. कारण ओल्या मातीवर आपण गुडघा टेकला की तेथील दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त असतो.

सिलिकॉन चढवलेले नायलॉन भिजले की थोडे सैल पडते. संध्याकाळी ताठ बांधलेले छत मध्यरात्री लोंबते, ते यामुळेच. पॉलिएस्टर इतके सैलावत नाही. एकेरी भिंतीच्या तंबूत आणखी एक गोष्ट घडते. आपल्या श्वासातील बाष्प थंड कापडावर जमून थेंब गळू लागतात, आणि नवखा मनुष्य ‘तंबू गळतो’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. यावर उपाय वारा खेळता ठेवण्याचा.

अशा गोष्टी दुकानात समजत नाहीत. त्यासाठी वसतिगृहाच्या अंगणात किंवा महाविद्यालयाच्या मैदानावर, भर पावसात, एक रात्र काढावी. अंधारात, ओल्या हातांनी, विजेरीच्या उजेडात तंबू उभारता येतो का, ते पाहावे. येथे फसलो तर खोली पन्नास पावलांवर आहे. आंबोलीत, जेथे वर्षाला सात हजार मि.मी.च्या घरात पाऊस पडतो, तशी सोय नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे बर्फ नसलेल्या आपल्या सह्याद्रीतही भिजलेले अंग आणि वारा एकत्र आले की शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरू शकते.

बैठकीचे प्रकरण त्या मानाने सोपे. अॅल्युमिनियमच्या जोडकाड्यांवर कापड ताणलेल्या घडीच्या खुर्च्या आता अर्ध्या ते एक किलोत मिळतात. घेण्यापूर्वी ती चिखलात टेकवून पाहावी. बारीक पाय रुततात आणि बसणारा कलंडतो. योगासनाच्या जुन्या चटईचा हातभर तुकडा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतो आणि ओल्या कातळाचा गारवा अडवतो. विद्यार्थ्यांना तेवढे पुरे. बरोबर येणाऱ्या प्राध्यापकांच्या गुडघ्यांसाठी खुर्ची नेली, तर ते वजन व्यर्थ म्हणता येणार नाही!

आता पिशवी. चांगली पिशवी बहुतांश भार खांद्यांवर न ठेवता कमरेच्या हाडांवर उतरवते. म्हणून पिशवीचे माप आपल्या उंचीवरून ठरवू नये. मान वाकवल्यावर जाणवणाऱ्या मणक्याच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडापर्यंतची लांबी मोजावी. परीक्षेसाठी पाण्याच्या बाटल्या उत्तम, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. आठ बाटल्या भरून, जड वस्तू पाठीलगत ठेवून, तासभर जिने चढावे-उतरावे. राजहंसगडाची चढण जवळ असेल तर फारच छान. खांद्याचे पट्टे किंचित सैल केल्यावरही भार कमरेवर टिकला, तर पिशवी आपली. सांगाडा नसलेल्या पिशव्या फार हलक्या असतात. पण आठ-नऊ किलोंच्या पुढे त्या पाठीत रुततात. यातून खरेदीचा क्रमही ठरतो. आधी निवारा व अंथरूण निश्चित करावे आणि पिशवी शेवटी घ्यावी. मोठी पिशवी आधी घेतली, की रिकामी जागा भरण्याचा मोह होतोच.

काही वस्तूंना मात्र कात्री लावू नये. प्रथमोपचाराची पेटी, विजेरी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि पुरेसे पाणी ही यादी वजनाच्या हिशेबाबाहेरची आहे.

विद्यार्थ्याच्या खिशाला सारे नवे घेणे परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. जिमखान्याने दोन तंबू आणि एक स्प्रिंगचा काटा घेतला, तर आळीपाळीने साऱ्यांनाच परीक्षा घेता येईल. सहलीहून परतल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत: रोज लागले ते, एकदाच लागले ते, आणि मुळीच लागले नाही ते. औषधे सोडून तिसरा ढीग पुढच्या वेळी घरी ठेवावा, आणि मगच बाजाराची वाट धरावी.