दक्षिणेची गिरिस्थाने : वनश्री, जलप्रपात आणि पदभ्रमण

महाराष्ट्रातून दक्षिणेकडे निघालेला सह्याद्री कर्नाटक ओलांडून पुढे गेला की त्याचे रूप पालटते. आपल्याकडील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. निलगिरीतील दोड्डबेट्टा २,६३७ मीटरांवर, तर केरळातील अनैमुडी २,६९५ मीटरांवर पोहोचते. या उंचीमुळे तेथील हवा, वनस्पती आणि पावसाची रीत निराळी झाली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याकडील कितीतरी कुटुंबे उटी, कोडाईकनाल आणि मुन्नार येथे जातात. शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही निघतात. थंड हवा, चहाचे मळे आणि धुके पाहून मंडळी समाधानाने परततात. या डोंगरांचे सर्वांत मोठे कार्य पाणी धरून ठेवण्याचे आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही.

शोला आणि गवताळ माळ

निलगिरी, पळणी आणि अनैमलै या डोंगरांच्या माथ्यावर मूळची वनश्री दोन प्रकारची आहे. उघड्या चढांवर गवताचे विस्तीर्ण माळ असतात आणि घळींतून, ओढ्यांच्या काठाने ठेंगण्या, सदाहरित वृक्षांची दाट राई असते. या राईला ‘शोला’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की जंगल तोडून गवत उरले असावे. वास्तविक हजारो वर्षांपासून ही दोन्ही रूपे शेजारी-शेजारी नांदत आली आहेत. पावसाचे आणि धुक्याचे पाणी गवताची मुळे अडवितात, ते खालच्या काळ्या, पालापाचोळ्याने समृद्ध झालेल्या मातीत मुरते आणि शोलांतून हळूहळू पाझरत राहते. म्हणूनच पाऊस संपल्यावरही येथील ओढे वाहतात. भवानी व मोयार या नद्या याच पाण्यावर पोसल्या जातात आणि पुढे कावेरीला मिळतात. सखल प्रदेशातील शेतकऱ्याच्या कालव्याचा उगम अशा रीतीने डोंगरमाथ्यावरच्या गवतात आहे.

तोडा या आदिवासी समाजाचे जीवन याच माळांशी बांधलेले आहे. त्यांच्या म्हशी तेथे चरत आल्या आहेत. ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र झाडे नसलेली ही जमीन ओसाड वाटली. एकोणिसाव्या शतकात येथे ऑस्ट्रेलियातून आणलेले युकॅलिप्टस आणि वॅटल हे वृक्ष लावण्यात आले. जळणाची गरज आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी साल ही कारणे होती. स्वातंत्र्यानंतर उद्योगांसाठी या लागवडी आणखी वाढल्या. वॅटलचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. त्यामुळे एकदा शिरकाव झाल्यावर हे झाड आपण होऊन पसरते, आणि तोडले तरी गवत लगेच परतत नाही. गंमत अशी, की मराठीत युकॅलिप्टसलाच आपण ‘निलगिरी’ म्हणतो. ज्या पर्वताचे मूळचे माळ या झाडाने झाकले, त्याच पर्वताचे नाव या परदेशी झाडाला मिळाले. आपल्याकडेही माळरानाची नोंद ‘पडीक’ म्हणून करण्याची सवय आहे, हे येथे ग्रामपंचायतींच्या सदस्यांना आठवल्यावाचून राहणार नाही.

याच माळांवर बारा वर्षांनी एकदा नीलकुरिंजी फुलते. मुन्नारच्या परिसरात ती २००६ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये फुलली. आपल्या सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी कारवी ही तिच्याच कुळातली. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर हा रानबकऱ्यासारखा दुर्मीळ प्राणी राहतो. त्याच्या विणीच्या हंगामात उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवतात. सहल आखताना शिक्षकांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

रेल्वेने आलेले नगर

कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये या पठारावर आला आणि त्याने १८२२ मध्ये तेथे दगडी घर बांधावयास घेतले. तेथून उटीचा (उदगमंडलमचा) विस्तार सुरू झाला. पुढे मद्रास सरकारचा उन्हाळी मुक्काम येथे असे. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा लोहमार्ग १८९९ मध्ये खुला झाला आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचला. एकूण ४६ किलोमीटरांत गाडी सुमारे ३३० मीटरांवरून २,२०० मीटरांवर चढते. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ एवढा उभा आहे, की रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविली असून इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी वर नेली जाते. २००५ मध्ये या मार्गाचा जागतिक वारशात समावेश झाला.

रेल्वेने मोजकी माणसे येत. मोटारींनी हे गणित मोडले. मे महिन्यात उटीच्या रस्त्यांवर तासन्‌तास वाहने खोळंबतात, पाण्याची टंचाई भासते आणि कचऱ्याचे ढीग ओढ्यांपर्यंत येतात. अखेर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना ई-पास आवश्यक करण्यात आला. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरी जिल्ह्यासाठी दररोज ६,००० आणि सुटीच्या दिवशी ८,००० वाहनांची मर्यादा ठरविण्यात आली. हॉटेलचालक आणि व्यापारी यांची यावर तक्रार आहे, व ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्यांची वर्षाची कमाई दोन महिन्यांत होते. परंतु डोंगराला किती वाहने झेपतात, हा प्रश्न प्रथमच आकड्यांत विचारला गेला, हे महत्त्वाचे.

गिरसप्पाचा धबधबा

जुन्या पिढीला ‘गिरसप्पा’ या नावाने ठाऊक असलेला जोगचा धबधबा शरावती नदीवर आहे. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा चार धारांनी पाणी २५३ मीटर खाली कोसळते. हे दृश्य वर्षभर दिसेल, अशी अपेक्षा करणाऱ्याची मात्र निराशा होते. धबधब्याच्या वरच्या अंगाला १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाले आणि नदीचे बहुतेक पाणी वीजनिर्मितीकडे वळले. कर्नाटकातील घराघरांत त्या पाण्याचा दिवा लागला. धरणाखाली मात्र कित्येक गावे गेली आणि उन्हाळ्यात उघडा कडा उरला. जुलै ते सप्टेंबर हाच जोग पाहण्याचा काळ. तामिळनाडूच्या पूर्वेकडील उतारांवर याच्या उलट ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. कुन्नूर व कोटगिरीच्या घाटात तेव्हा दरडी कोसळतात, म्हणून दिवाळीच्या सुटीतील सहलीपूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहणे इष्ट.

पायवाटा आणि वणवा

पदभ्रमणाची आवड वाढत आहे, आणि तिच्याबरोबर धोकाही. ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणवा पेटला आणि पदभ्रमणास गेलेल्यांपैकी २३ जणांचा बळी गेला. मृतांमध्ये बहुसंख्य तरुण होते. फेब्रुवारीनंतर येथील गवत वाळून कोळ होते आणि चढावर आग माणसाच्या पावलांपेक्षा वेगाने वर धावते. ओळखीची वाट सोडून पळणारा दरीत जातो. या घटनेनंतर तामिळनाडू शासनाने २०१८ मध्येच पदभ्रमणाचे नियम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वनविभागाने ४० मार्ग निश्चित करून त्यांची ऑनलाइन नोंदणी सुरू केली. सुलभ, मध्यम आणि कठीण अशी त्यांची प्रतवारी आहे व सोबत स्थानिक, विशेषतः आदिवासी तरुण मार्गदर्शक दिले जातात. वाटा ज्यांच्या पायाखालच्या, त्यांनाच त्यातून रोजगार मिळावा, ही त्यामागील दृष्टी. साताऱ्याच्या कास पठारावर गावकऱ्यांच्या समित्यांनी फुलांच्या हंगामात पर्यटकांची संख्या व शुल्क ठरवून दिले, त्याच जातीची ही व्यवस्था आहे.

सहलीचा प्रस्ताव मंजुरीसाठी येतो तेव्हा त्यात बहुधा बसचे भाडे आणि जेवणखर्च एवढाच तपशील असतो. निलगिरीला जाणाऱ्या तुकडीच्या प्रस्तावास वाहनाचा ई-पास, वनविभागाची नोंदणी आणि मार्गदर्शकाची व्यवस्था यांचे कागद जोडलेले असावेत. पिण्याच्या पाण्याच्या धातूच्या बाटल्याही प्रत्येक विद्यार्थ्यापाशी हव्यात. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या लहान बाटल्यांना बंदी असून त्या तपासणी नाक्यावरच काढून घेतल्या जातात.