जावास्क्रिप्टमध्ये '५' अधिक ३ म्हणजे '५३'!

जावास्क्रिप्ट शिकायला घेतलंय? व्हेरिएबलसाठी लेट आणि कॉन्स्ट वापरा. दोन्ही २०१५ च्या आवृत्तीत आले. जुना व्हार नव्या कोडमध्ये नकोच. कॉन्स्टच्या नावाला दुसरी किंमत देता येत नाही, पण त्यातल्या अ‍ॅरेत नवा घटक खुशाल टाकता येतो.

खरी गंमत डेटा टाइपची. इथे टाइप व्हेरिएबलला नसतो, त्यातल्या किमतीला असतो. अवतरणचिन्हांतला '५' ही स्ट्रिंग. तिच्यात ३ मिळवा, उत्तर '५३'. तिच्यातून ३ वजा करा, उत्तर २! कारण अधिकचं चिन्ह स्ट्रिंग दिसली की जोडणी करतं. वजाबाकीला मात्र आकडेच लागतात, म्हणून ती स्ट्रिंगचा आधी आकडा करून घेते. वेबपेजवरच्या चौकटीत कुणी वय टाइप केलं, तरी हाती स्ट्रिंगच येते. बेरजेआधी ती नंबर फंक्शनमधून काढाच.